जुन्या मापाची गोळी

मास्तर गोड बोलायला लागले, तेव्हाच खरं तर घरच्यांनी घाबरायला हवं होतं. पण घाबरलं कोण? उलट दुकानाला हायसं वाटलं.

मास्तर म्हणजे कोट शिवणारे शिंपी. पन्नास वर्षं त्यांच्या हातात कात्री होती आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ. कारागिरांनी त्यांचं नाव उसवमास्तर ठेवलं होतं, कारण त्यांच्या नजरेखालून गेलेली शिवण निम्मी तरी उसवून परत यायची. कॉलर सूतभर इकडेतिकडे झाली की ते कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. गिऱ्हाइकांचीही गय नव्हती. पोट आत ओढून माप देणाऱ्याला म्हणत, "श्वास सोडा साहेब. कोट पोटावर घालायचाय, फोटोवर नाही." मुलगा वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता आणि वीस वर्षांत त्याच्या एकाही बाहीला त्यांनी ठीक म्हटलं नव्हतं. सून काज-बटणं बघायची. तिच्याशी त्यांचं भांडण सकाळच्या चहापासून दुकानाचं शटर खाली येईपर्यंत चालू असायचं. चहा पाणचट, बटण सैल, दोऱ्याचा रंग चुकला, दोरा बरोबर असेल तर गाठ चुकली. तीही काही गप्प बसणारी नव्हती. "मग तुम्हीच लावा बटणं," असं म्हणून डबा त्यांच्यापुढे आपटायची आणि पाच मिनिटांनी परत उचलायची.

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे असताना त्यांची बायको गेली होती. त्यानंतर सहा महिने ते दुकानात येऊन नुसते कापडाच्या ठाणाकडे बघत बसायचे. तेव्हा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनाच्या दुखण्यावरची एक गोळी सुरू केली. गोळीने काम चोख केलं, हे मान्य करायला हवं. दोन महिन्यांत मास्तर कारागिरांवर खेकसायला लागले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पुढे मात्र गोळी तशीच राहिली. दर तीन महिन्यांनी मुलगा जुना कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचा. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "बरे आहेत ना?" मुलगा म्हणायचा, "बरे आहेत." डॉक्टर कागदावर 'चालू ठेवा' असं लिहायचे आणि पुढच्या माणसाला आत बोलवायचे. सगळा कारभार दीड मिनिटाचा. मुलाने आणि सुनेने आपसात त्यांचं नावच चालूठेवा डॉक्टर पाडलं होतं. मास्तर स्वतः त्यांच्यापुढे शेवटचे कधी बसले होते, हे ना मास्तरांना आठवत होतं ना डॉक्टरांना. अठरा वर्षांत मास्तरांचं वजन वीस किलोंनी उतरलं. त्यांचे स्वतःचे कोट त्यांनी चार वेळा आत घेतले. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी जरी परत आलं, तरी ते जुन्या वहीवर विश्वास न ठेवता टेप घेऊन नव्याने माप घ्यायचे. आणि या माणसाच्या पोटात रोज सकाळी जी गोळी जात होती, ती अठरा वर्षांपूर्वीच्या मापाची होती. याच्याइतका मोठा विनोद त्या दुकानात झाला नव्हता, पण हसायला कुणाच्या लक्षात तर यायला हवा.

साधारण चौऱ्याहत्तराव्या वर्षी मास्तर मऊ पडायला लागले. आधी दुपारची डुलकी तासाभराची झाली. मग चहा कसाही असला तरी ते मुकाट्याने पिऊ लागले. कारागीर उशिरा आला तर "आलास? बरं झालं," म्हणू लागले. एक दिवस मुलाने बाही जोडून त्यांच्यापुढे धरली. खांद्याशी सरळसरळ चुणी पडली होती. मुलगा शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून उभा राहिला. मास्तर म्हणाले, "ठीक आहे."

वीस वर्षांनी मिळालेलं ते ठीक मुलाने असं काही जपलं की चुणी काढायचं तो विसरूनच गेला. दिवसभर गुणगुणत होता. रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "बाबा शेवटी शांत झाले." ती हल्ली फारशी बोलत नसे. मास्तरांनाही आता तिच्याशी भांडायला काही सुचत नसे. आपण काहीतरी विसरतोय एवढंच त्यांना अधूनमधून वाटायचं. पण काय विसरतोय, हे शोधायला लागणारी ताकद कुठून आणायची ते कळत नव्हतं. डोक्यात कुणीतरी कापूस भरून वरून अस्तर लावलंय, असं वाटायचं.

मग एका हॉटेलचं काम आलं. बारा वेटरांचे बारा कोट, सगळे एकसारखे. कापणं मास्तरांचं, कारण कापायच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती. आता बाही कापताना कापडाची सुलटी बाजू सुलटीवर ठेवतात, म्हणजे एक डावी निघते आणि एक उजवी. शिकायला आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात समजतं. मास्तरांनी चार-चार थर लावले, सगळे थर सुलटे वर करून. त्यावर बाहीचा कागदी खाका ठेवला, खडू फिरवला, आणि अत्यंत सफाईने चोवीस बाह्या कापून बाजूला रचल्या. चोवीसच्या चोवीस डाव्या.

मनगटावर बटणं कुठे येणार याच्या खुणा करायला सून आली. तिने एक बाही उचलली, दुसरी उचलली, मग सगळा गठ्ठाच उलटसुलट करून पाहिला.

"बाबा, या सगळ्या डाव्या आहेत."

"हो का?" मास्तर हसून म्हणाले. "छान."

मुलगा धावत आला. कापड वाया गेलं ते गेलंच, पण हॉटेलवाल्याला तोंड कसं दाखवायचं या काळजीने त्याचा तोल गेला. त्याने मास्तरांच्या समोरून कात्री उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाला, "आजपासून कापणं माझ्याकडे. तुम्ही आराम करा." पन्नास वर्षांची कात्री हातातून गेली आणि मास्तर नुसते मान हलवत राहिले. आत कुठेतरी खूप दूर त्यांना फार वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणंही शेजारच्या घरात भांडण चालू असावं तसं ऐकू येत होतं.

मुलगा त्याच संध्याकाळी चालूठेवा डॉक्टरांकडे गेला. अर्थात एकटाच. "बाबांचं कशातच लक्ष नाही. गप्प असतात. चुका करतात. चालताना भिंत धरतात. पाय सुजतात."

"वय झालं," डॉक्टर म्हणाले. हे निदान ते दिवसातून तीसदा करत. "त्यातून मन खचलंय. गोळी दीडपट करू. पायाला सूज आहे म्हणता? मग पाणी उतरायची एक गोळी देतो."

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी 'चालू ठेवा' सोडून दुसरं काही लिहिलं, आणि नेमकं तेच चुकलं.

पुढच्या दीड महिन्यात मास्तर इतके शांत झाले की त्यांना जेवायला दोनदा हाका माराव्या लागत. कापणं बंद असलं तरी माप घ्यायचं काम मुलाने दयाळूपणे त्यांच्याकडे ठेवलं होतं. एक दिवस एक जाडजूड गिऱ्हाईक पँटच्या मापासाठी उभं होतं. मास्तर गुडघ्यावर बसले, आतल्या बाजूची लांबी घेतली, आकडा सांगितला, विसरले, परत घेतली, आणि उठताना जे झोकांडले ते सरळ त्या सद्गृहस्थांच्या पोटावर. दोघंही आरशासकट आडवे झाले. गिऱ्हाइकाला पोटाने वाचवलं. मास्तरांच्या भुवईवर खोक पडली आणि ते डोळे उघडे ठेवून विचारू लागले, "दुकान उघडलं का रे?"

इस्पितळात रक्त तपासलं. सोडियम फार खाली गेलं होतं. मुलाने बाहेर येऊन बायकोला सांगितलं, "रक्तात मीठ कमी झालंय." ही बातमी घरी, दुकानात आणि शेजारी पोचेपर्यंत तिचं 'सून अळणी जेवण घालते' असं झालं होतं. दोन आत्या तर मिठाच्या पुड्या घेऊनच भेटायला आल्या.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या डोक्यातला कापूस थोडा विरळ झाला. सून डबा घेऊन आली होती. त्यांनी एक घास घेतला आणि जड जिभेने म्हणाले, "मीठ कमी असणारच. हिच्या हातचं जेवतो ना."

तिने डबा खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. वर्मी लागलं, असं मास्तरांना वाटलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

तिथली डॉक्टरबाई तरुण होती. तिने आल्या आल्या "काय आजोबा?" म्हटलं.

"मी तुमचा आजोबा कधीपासून झालो?"

"बरं, मास्तर. ही मनाची गोळी कधी सुरू झाली?"

मुलाने आठवून सांगितलं, "आई गेली तेव्हा. अठरा वर्षं झाली."

"आणि डोस कुणी तपासला मधे?"

मुलगा छताकडे बघू लागला. बाईंनी पलंगावर बसून नीट समजावलं. आपण घेतलेली गोळी यकृत आणि मूत्रपिंडं मिळून अंगातून बाहेर काढतात. वय वाढलं की दोघंही सावकाश काम करतात. आजची गोळी पुरती बाहेर पडायच्या आत उद्याची येते. अंगातलं मांस आणि पाणी कमी झालेलं असतं, मेंदूला तेवढंच औषध जास्त चढतं. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी बरोबर असलेली गोळी शहात्तराव्या वर्षी जड होऊ शकते. झोप, तोल जाणं, गोंधळ, सगळं त्यातून. शिवाय या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या अंगात पाणी साठतं आणि सोडियम पातळ होतं. "वर पाणी उतरायची गोळी दिली, तिने उरलंसुरलं सोडियमही घालवलं. जेवणातल्या मिठाचा यात काही संबंध नाही," बाई उशाशी बसलेल्या आत्यांकडे बघत म्हणाल्या. आत्यांनी पुड्या पिशवीत सरकवल्या.

"म्हणजे हे वय नव्हतं?" मुलाने विचारलं.

"वय होतंच. पण वयाच्या नावावर तुम्ही गोळीचा गुन्हा खपवलात. आणि गोळीचा गुन्हा बघून गोळी वाढवलीत."

मास्तर इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "अठरा वर्षं जुन्या मापावर शिवत होता तो गाढव."

बाईंनी पाणी उतरायची गोळी बंद केली, पिण्याच्या पाण्याला हिशेब घालून दिला, मनाची गोळी पहिल्याइतकी केली आणि पुढे हळूहळू कमी करू म्हणाल्या. पण मास्तर घरी आले ते तावातच. हळूहळू कशाला? दुश्मन कळल्यावर त्याच्याशी वाटाघाटी कसल्या? त्यांनी दुसऱ्या दिवसापासून गोळी तोंडात धरायची आणि पाठ वळली की थुंकायची, असा कारभार सुरू केला. चौथ्या दिवशी डोक्यात सणक मारायला लागली, मान वळवली की विजेचा झटका बसल्यासारखं होई. रिकामं रीळ पाहून त्यांना रडू कोसळलं. रीळ कशाला रडवतंय, ते त्यांनाही सांगता येईना. मुलगा म्हणाला, "बघा, गोळी लागतेच यांना." सुनेने पलंगामागे थुंकलेल्या गोळ्या शोधून काढल्या, कागदात बांधल्या आणि सगळ्यांना घेऊन सरळ डॉक्टरबाईंपुढे उभी राहिली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "कोट ढगळ झाला की तुम्ही काय करता?"

"आत घेतो."

"फाडून फेकत नाही ना?"

मास्तरांना गप्प करणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं.

मग पाच महिने गोळी थोडी थोडी आत घेणं चाललं. दर वेळी रक्त तपासायचं, वजन करायचं, आणि बाई दर वेळी विचारायच्या, "मन कसं आहे? सकाळी उठावंसं वाटतं?" पुन्हा तो जुना अंधार येत नाही ना, याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. गोळी निम्म्यावर आली. मास्तर भिंत न धरता चालू लागले. दुपारी टक्क जागे राहू लागले. आणि जागं राहिलेल्या माणसाला दुकान दिसायला लागलं.

काय दिसलं म्हणून विचारू नका. दोन वर्षांत दुकानाने मनसोक्त चैन केली होती. कॉलरी आडव्या, अस्तरं ताणलेली, खिसे एकमेकांशी अबोला धरल्यासारखे. मास्तरांनी पहिल्याच दिवशी अकरा कोट उसवले. एक कारागीर काम सोडून गेला, दुसरा जाईन म्हणून धमकी देऊन बसला. मुलाच्या बाहीकडे बघून ते म्हणाले, "ही बाही आहे की पायमोजा?" मुलाने आठवण करून दिली की अशाच बाहीला त्यांनी दोन वर्षांपूर्वी ठीक म्हटलं होतं. मास्तर म्हणाले, "तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो." सुनेचा चहा पुन्हा पाणचट झाला, बटणं पुन्हा सैल झाली आणि डबा पुन्हा आपटला जाऊ लागला.

पण कात्री कपाटातच राहिली. मास्तर रोज मागत, मुलगा रोज म्हणे, "डॉक्टरांना विचारू." चोवीस बाह्या त्याच्या मनातून जात नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर कापायच्या टेबलाची त्याला सवयही झाली होती. मास्तरांची मात्र रोज आग होत होती. उसवणं कुणालाही जमतं, असं त्यांचं म्हणणं. कापता येत नसेल तर शहात्तराव्या वर्षी दुकानात येऊन नुसतं दुसऱ्याचं फाडत बसायचं? त्यापेक्षा तो कापूस परवडला, असं एकदा मनात आलं आणि ते घाबरले.

शेवटच्या तपासणीला तिघंही गेले. डॉक्टरबाईंनी मास्तरांना हात पुढे धरायला लावले. बोटं स्थिर होती. कागदावर वर्तुळ काढायला सांगितलं. मास्तरांनी काढलं आणि वर सांगितलं की बाईंच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय.

"सोडियम उत्तम. हात उत्तम," बाई म्हणाल्या. "कापायला हरकत नाही."

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "डॉक्टर, एक विचारू? आधीचा डोस परत देता येईल का? अगदी तेवढा नको. थोडा वाढवून."

"का? उदास वाटतात?"

"उदास नाहीत. पण..." तो वडलांकडे न बघता बोलत होता. "तेव्हा घरात शांतता होती. दुकानात माणसं टिकत होती. मला कधीतरी ठीक म्हणायचे. आता दिवसभर नुसता तोंडाचा पट्टा चालू असतो. त्यांनाही त्रास, आम्हालाही. तुम्ही थोडी गोळी वाढवलीत तर सगळेच सुखात राहतील."

मास्तरांना तोंड उघडून मुलाची चामडी सोलायची होती, पण तोंड उघडेना. तो खोटं बोलत नव्हता, हे त्यांना कळत होतं. सगळ्यांना ते झोपलेलेच आवडले होते. हा असा लख्ख कळण्याचा त्रास त्यांना दोन वर्षांत झाला नव्हता, आणि तो इतका लागला की क्षणभर वाटलं, आपणच म्हणावं, द्या वाढवून.

बाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं? सगळ्यात जास्त तुमच्यावरच ओरडतात ना?"

"हो, ओरडतात," सून म्हणाली. "चहावरून, दोऱ्यावरून, कशावरूनही. भयंकर माणूस आहे." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि शांतता होती, हेही खरंय. दोन वर्षं मी रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी यांच्या खोलीत जायचे. नाकाशी हात धरून बघायचे, श्वास चालू आहे की नाही. कळायचाच नाही पटकन. आता उठल्या उठल्या कुणाला तरी नावं ठेवल्याचं बाहेर ऐकू येतं. आत जावं लागत नाही. डॉक्टर, ती शांतता मला नको."

डॉक्टरबाईंनी डोस होता तेवढाच लिहिला, खाली 'कापणं सुरू करावं' असं लिहिलं आणि कागद मुलाच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. जिन्याशी आल्यावर त्याने कपाटाची किल्ली काढून वडलांच्या हातावर ठेवली आणि गाडी आणायला पुढे गेला.

मास्तर कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. सून एक पायरी मागे होती. अर्ध्यावर ते थांबले. मागे वळून न बघताच त्यांनी विचारलं, "रोज?"

"रोज," ती म्हणाली. "दुकान बंद असायचं त्या दिवशीसुद्धा."